छोट्या इंजिनाचा ताप आणि पेट्रोलचा ऑक्टेन

(चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी कृषिविद्या विषयाचा अधिव्याख्याता आहे. धानाची रोवणी, तणांचा बंदोबस्त, पाण्याच्या पाळ्या हा माझा विषय. मग आज मी इंजिनावर का बोलतो आहे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे कारण माझ्याच हातून झालेली एक चूक आहे. ती आधी सांगतो.

चामोर्शी तालुक्यातील एका गावात माझे नेहमी जाणे असते. तेथील एका शेतकरी भावाने बोडीतून पाणी उचलण्यासाठी पेट्रोलवर चालणारा छोटा इंजिन-पंप घेतला. तो लवकर तापतो, अशी त्यांची तक्रार होती. मी सहज सांगून टाकले, "भाऊ, जरा चांगले, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल वापरून पाहा." पुढच्या जुलैत पावसाने पंधरा दिवस दडी मारली. रोवलेल्या बांध्यांना भेगा पडू लागल्या. भाऊंनी तालुक्याहून महागडे पेट्रोल आणले आणि पंप रात्रंदिवस चालवला. तिसऱ्या दिवशी इंजिन जाम झाले. मिस्त्री शहरातला, सुटे भाग नागपूरचे. यंत्र दुरुस्त होऊन आले तोवर दीड एकर रोवणी गेली होती.

मी भेटायला गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त एवढेच म्हणाले, "सर, तुमीच तं सांगतलं होतं चांगलं पेट्रोल टाका म्हणून. टाकलं. मंग जाम कसं झालं?"

मिस्त्रीने इंजिन उघडल्यावर उत्तर मिळाले. सिलिंडरभोवतीच्या पट्ट्यांमध्ये चिखल आणि तणसाचा भुसा गच्च बसला होता. तेल निम्म्याहून खाली गेले होते. त्यातून पंप बोडीच्या उतरत्या पाळीवर तिरपा ठेवलेला होता. पेट्रोलचा काहीच दोष नव्हता. दोष माझ्या अर्धवट सल्ल्याचा होता. त्यानंतर मी या विषयातील पुस्तके वाचली, कृषी अभियांत्रिकीच्या सहकाऱ्यांना विचारले, मिस्त्रींजवळ बसलो. त्यातून जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

इंजिन किती तापावे?

इंजिन तापणे हा दोष नाही. ते उष्णतेवरच चालते. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातील साधारण पाव भागच छोट्या इंजिनात फिरण्याच्या कामी येतो. म्हणजे शंभर रुपयांच्या पेट्रोलमधून जेमतेम २० ते २५ रुपयांचे काम मिळते. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून आणि सिलिंडरच्या अंगावरून बाहेर जाते. ती वेळेवर बाहेर गेली पाहिजे, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याकडील इंजिन-पंप, पॉवर विडर, तणकापणी यंत्र, पाठीवरचा पॉवर स्प्रे यांची बहुतेक पेट्रोल इंजिने हवेने थंड होणारी असतात. त्यांच्यात ट्रॅक्टरसारखे पाणी आणि रेडिएटर नसते. चाकावरील पंख्याची हवा सिलिंडरच्या पट्ट्यांमधून जाते. या पट्ट्यांना मिस्त्री लोक फिन म्हणतात. इंजिनात कोठे किती तापमान असते, ते लक्षात ठेवा.

१) जळत्या वायूची ज्योत क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते.

२) प्लगचे टोक साधारण ५०० ते ८५० अंशांच्या दरम्यान असावे. त्याहून थंड राहिले तर काजळी धरते. फार तापले तर ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटवते.

३) प्लगखालचे हेड पूर्ण भारावर साधारण १५० ते २०० अंश असते. टू-स्ट्रोक इंजिनात थोडे अधिक.

४) फोर-स्ट्रोक इंजिनातील तेल ९० ते १२० अंश असते. तेल यापेक्षा बरेच तापत राहिले तर पातळ होते, लवकर काळे पडते आणि त्याचा वंगणाचा गुण जातो.

५) सायलेन्सर ३०० अंशांच्या पुढे सहज जातो.

पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. हा धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याची ताकद २०० ते २५० अंशांपासूनच कमी होऊ लागते. शिवाय तापल्यावर तो बिडाच्या सिलिंडरपेक्षा जवळजवळ दुपटीने फुगतो. दोघांमधील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी असते. तापमान हाताबाहेर गेले की ही फट संपते, तेलाचा थर फाटतो आणि पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. यालाच आपण इंजिन जाम झाले किंवा सीझ झाले म्हणतो.

आपल्या उन्हाळ्याचा हिशेब

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा उन्हाळा देशात प्रसिद्ध आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नेहमीचे झाले असून ४७-४८ अंशांच्या नोंदीही आहेत. याचा इंजिनावर काय परिणाम होतो?

फिनमधून किती उष्णता बाहेर जाईल, हे फिन आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. समजा, हिवाळ्यात हवा २७ अंश आणि फिन १७० अंश आहे. फरक १४३ अंशांचा झाला. मे महिन्यात हवा ४७ अंश झाली. तेवढीच उष्णता बाहेर टाकायची तर फिनला जवळजवळ १९० अंशांपर्यंत चढावे लागेल. थोडक्यात, बाहेरची हवा जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश इंजिनही वर चढते. चांगल्या स्थितीतील इंजिन हे २० अंश सहन करते. परंतु फिन चिखलाने बुजलेले, तेल कमी आणि भार जास्त असेल, तर हेच २० अंश शेवटचा घाव घालतात.

उन्हाळ्यातील दुसरी तक्रार वेगळी आहे. दुपारी इंजिन बंद केले की लगेच पुन्हा सुरू होत नाही. त्याचा दोषही पेट्रोलच्या दर्जाला दिला जातो. खरे कारण असे की, इंजिन थांबले की पंखाही थांबतो. हेडमधील साठलेली उष्णता कार्ब्युरेटरकडे येते. पेट्रोलमधील हलके भाग ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात, त्यामुळे नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये वाफ भरते. अशा वेळी दोरी ओढत बसू नये. यंत्र सावलीत १०-१५ मिनिटे ठेवावे आणि चोक न लावता सुरू करावे. बंद करण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे भार काढून कमी वेगावर चालवले, तर ही अडचण बरीच कमी होते.

ऑक्टेन म्हणजे काय?

आता ऑक्टेनकडे वळू. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा दम धरण्याचा गुण.

तुम्ही जंगलातील जाळरेषा पाहिली आहे. वनमजूर एका टोकाला आग लावतात आणि ती ओळीने, शिस्तीत पुढे सरकते. इंजिनातही असेच व्हावयास हवे. प्लगची ठिणगी पडली की ज्योत एका बाजूने सुरू होऊन दुसऱ्या बाजूपर्यंत सरकत जाते. पण पुढचा न जळलेला वायू या काळात दाबला जातो आणि तापतो. त्याला दम धरवला नाही तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच तो एकदम भडकतो. इंजिनातून टक-टक असा धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. याला नॉकिंग म्हणतात. या भडक्याने सिलिंडरच्या भिंतीलगतचा वायूचा संरक्षक थर फाटतो आणि ज्योतीची उष्णता सरळ पिस्टन व हेडमध्ये शिरते. जे इंजिन नॉकिंग करते ते तापते. ऑक्टेनचा आणि तापमानाचा संबंध एवढाच आहे.

ही मोजपट्टी १९२६ साली अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहॅम एडगर यांनी सुचवली. आयसो-ऑक्टेन नावाचा द्रव नॉकिंगला चांगला दाद देत नाही, त्याला १०० गुण दिले. हेप्टेन नावाचा द्रव फार लवकर भडकतो, त्याला शून्य. आपल्या जंगल भागातील लोकांना गंमत वाटेल, की त्या काळी हे शुद्ध हेप्टेन एका जातीच्या पाइन वृक्षाच्या डिंकापासून मिळवले जात असे. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका दम धरणारे पेट्रोल.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. इंजिनाला जेवढा ऑक्टेन लागतो त्याहून जास्त दिल्याने ते थंड चालत नाही आणि ताकदही वाढत नाही. लिटरमागे उष्णता जवळपास तेवढीच मिळते. आठ क्विंटलची बैलगाडी ओढायला जी जोडी पुरते, तिथे चार बैल जुंपले म्हणून माल वाढत नाही.

इंजिनाला किती ऑक्टेन लागतो हे मुख्यतः ते वायू किती दाबते यावर ठरते. आपली छोटी फोर-स्ट्रोक इंजिने साधारण ८ ते ८.५ पट दाबतात. जुन्या बनावटीची त्याहून कमी. अशा इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत बहुधा ९१ ऑक्टेनचे साधे पेट्रोल सांगितलेले असते. १९९० च्या दशकात आपल्याकडे साधे पेट्रोल ८७ ऑक्टेनचे होते आणि त्यात शिसे असे. शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले. पुढे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ८८, मग ९१ झाला. आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या साध्या पेट्रोलचे प्रमाण किमान ९५ ऑक्टेनचे आहे. म्हणजे साधे पेट्रोलच आपल्या पंपाच्या गरजेपेक्षा वरचे आहे. त्यावर आणखी पैसे घालून इंजिन थंड करू पाहणे म्हणजे ओल्या बांधीत पाणी सोडण्यासारखे आहे.

इथेनॉलमुळे काय बदलले?

पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याची कल्पना आपल्या देशात नवी नाही. पॉवर अल्कोहोलचा कायदा १९४८ सालीच झाला होता. मात्र सध्याचा कार्यक्रम २००३ मध्ये ५ टक्क्यांपासून सुरू झाला, जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. ऊस, मका आणि तांदळापासून हे इथेनॉल बनते, म्हणून शेतकऱ्याचाही त्यात वाटा आहे. परंतु आपल्या जुन्या इंजिनासाठी तीन गोष्टी समजून घेणे जरूर आहे.

पहिली गोष्ट. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते, कारण त्याच्यात प्राणवायू आधीच असतो. २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ किलो लागते. छोट्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरचे छिद्र, म्हणजे जेट, ठरलेल्या मापाचे असते. नवीन मोटारीप्रमाणे ते इंधन पाहून स्वतःला बदलत नाही. म्हणून शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या जुन्या इंजिनात मिश्रण सात-आठ टक्क्यांनी, तर १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या इंजिनात तीन-चार टक्क्यांनी पातळ पडते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात मिश्रण मुद्दाम थोडे दाट ठेवलेले असते. ते जादा पेट्रोल वाफ होताना आतून गारवा देते. मिश्रण पातळ झाले की हा गारवा कमी होतो. इथेनॉल स्वतः वाफ होताना पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता शोषते, त्यामुळे थोडी भरपाई होते. तरी पूर्ण भारावर जुने इंजिन अधिक तापण्याकडे झुकते. पाहा, ऑक्टेन ९१ वरून ९५ झाला आणि इंजिनाचा ताप कमी होण्याऐवजी वाढण्याची शक्यता निर्माण झाली. यावरून ऑक्टेन आणि थंडपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात येईल.

दुसरी गोष्ट. इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात अर्धवट भरलेला कॅन किंवा टाकी महिनाभर राहिली, झाकण सैल असले, त्यात पावसाचे थेंब गेले, तर एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घटतो. टू-स्ट्रोक यंत्रात याहून मोठा धोका आहे. आपण मिसळलेले टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते आणि टाकीची नळी मात्र तळातून ओढते. म्हणजे इंजिनाला बिनतेलाचे पाणीमिश्रित अल्कोहोल जाते. फवारणी पंप अशाने चालता चालता जाम होतो.

तिसरी गोष्ट. जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील पडदे इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. नळी चिरली की बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण आणखी पातळ होते. आपले यंत्र किती टक्के इथेनॉल सहन करते, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. अनेक जुन्या यंत्रांची मर्यादा १० टक्के आहे. अशा यंत्रात इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि पडदे बसवून घ्यावेत व जाणकार मिस्त्रीकडून मिश्रण जुळवून घ्यावे. स्वतः जेटमध्ये तार घालून छिद्र मोठे करू नये.

अहेरीकडे एका सभेत एका तरुणाने विचारले, "सर, सरकार दारू टाकते, तं आपल्या मोहाची टाकली तं?" सगळे हसले, पण प्रश्न चांगला होता. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल ९९.५ टक्क्यांहून अधिक शुद्ध, जवळजवळ बिनपाण्याचे लागते. साध्या भट्टीने ते तेवढे शुद्ध कधीच होत नाही, कारण ९५-९६ टक्क्यांपुढे नुसत्या उकळण्याने पाणी वेगळे होत नाही. मोहाच्या दारूत तर निम्म्याहून अधिक पाणीच असते. ती टाकीत ओतणे म्हणजे पाणी ओतणे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तो भाग निराळाच.

ऑक्टेन खरोखर कोठे नडतो?

याचा अर्थ ऑक्टेनला काही महत्त्व नाही असा नाही. तो कमी पडला तर नुकसान होते. आपल्या दुर्गम भागात ते रॉकेलच्या भेसळीने होते. पेट्रोल पंप दूर असतो, म्हणून बाटलीतील सुटे पेट्रोल घेतले जाते. रॉकेलचा ऑक्टेन पेट्रोलच्या मानाने फारच कमी असतो. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालणारी जुनी इंजिने मुद्दाम कमी दाबाची बनवलेली असत. पेट्रोलच्या इंजिनात रॉकेल गेले तर नॉकिंग होते, हेड तापते आणि न जळलेले रॉकेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेल पातळ करते. एकाच वेळी दोन्हीकडून मार बसतो.

भेसळ ओळखण्याची सोपी खूण आहे. फिल्टर पेपरवर पेट्रोलचा एक थेंब टाकावा. शुद्ध पेट्रोल दोन मिनिटांत उडून जाते, डाग राहत नाही. रॉकेल असेल तर तेलकट डाग राहतो. पेट्रोल पंपावर ग्राहकाने मागितल्यास फिल्टर पेपर द्यावा लागतो, तो मागण्यास संकोचू नये. पाण्यासाठी दुसरी परीक्षा. कॅनच्या तळातील थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर ते इंजिनात घालू नये.

मग इंजिन थंड कसे ठेवावे?

आता कामाचे मुद्दे सांगतो. यांतील बहुतेकांना एक पैसाही लागत नाही.

१) फिन स्वच्छ ठेवा. रोवणीच्या हंगामात रोज संध्याकाळी, इंजिन थंड झाल्यावर, कोरड्या ब्रशने चिखल, भुसा आणि गवत काढावे. पंख्याची जाळीही साफ करावी. तापलेल्या फिनवर पाणी कधीही ओतू नये. हेड वाकते किंवा तडकते.

२) पंप सपाट जागेवर ठेवा. लहान फोर-स्ट्रोक इंजिनात तेल पंपाने चढत नाही, आतील पळीने उडवले जाते. पाळीवर किंवा नाल्याच्या काठावर यंत्र तिरपे असेल तर पळी तेलापर्यंत पोहोचत नाही. फळी किंवा दगड लावून आधी जागा सपाट करावी.

३) रोज तेल पाहा. अशा इंजिनात तेल अर्ध्या लिटरच्या आसपासच असते. त्यातील पाव लिटर कमी झाले तर निम्मे गेले. नवीन इंजिनाचे पहिले तेल साधारण २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी बदलावे. धुळीत व उन्हाळ्यात त्याहून लवकर. प्रत माहितीपुस्तिकेत दिलेलीच वापरावी.

४) टू-स्ट्रोक यंत्रात तेल मापून घाला. २५ ला १ प्रमाण असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, ५० ला १ असेल तर २० मिलिलिटर. अंदाजाने झाकणभर ओतू नये. कमी तेलाने इंजिन जाम होते. जास्त तेलाने काजळी धरते आणि तेवढे पेट्रोल कमी जाऊन मिश्रण पातळच होते.

५) गव्हर्नरला तार बांधून वेग वाढवू नका. पाणी थोडे जास्त येते, पण उष्णता त्याहून अधिक वाढते आणि तेलाची फेक बिघडते. पाणी उंच चढवायचे असेल तर पंप पाण्याच्या जवळ न्यावा आणि नळी मोठ्या व्यासाची वापरावी.

६) प्लग काढून पाहा. टोक फिक्या तपकिरी, चहाच्या रंगाचे असेल तर ठीक. पांढरेफटक किंवा फोड आलेले असेल तर इंजिन पातळ मिश्रणावर तापते आहे. काळी काजळी असेल तर हवेची जाळी तुंबली आहे किंवा चोक अडकला आहे. बदलताना त्याच क्रमांकाचा प्लग बसवावा.

७) पेट्रोल ताजे वापरा. महिन्याभराला पुरेल एवढेच, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, सावलीत ठेवावे. जुन्या पेट्रोलचा चीक जेटमध्ये बसतो आणि मिश्रण पातळ होते. हंगाम संपला की टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे.

८) यंत्राला सावली द्या, पण कोंडू नका. चार बल्ल्यांवर पालापाचोळ्याचे छप्पर पुरे, मात्र ते सायलेन्सरपासून दूर आणि उंच असावे. बंद खोपडीत इंजिन चालवू नये. तीच गरम हवा पुन्हा पंख्यात येते, आणि धुराने माणूस गुदमरून दगावतो.

९) उन्हाळ्यात काम पहाटे आणि संध्याकाळी घ्या. यंत्राबरोबर चालवणाऱ्या माणसालाही ते हिताचे आहे.

शेवटी आगीबद्दल सांगतो. सायलेन्सर ज्या तापमानाला जातो, त्याला वाळलेला पाला पेट घेऊ शकतो. फेब्रुवारी ते जून हा आपल्या जंगलाचा वणव्याचा काळ. शेताच्या धुऱ्यावर तणकापणी यंत्र चालवताना किंवा समितीच्या कामात जाळरेषेवर पाला उडवण्याचे यंत्र वापरताना ते गरम स्थितीत पाल्यावर ठेवू नये. साफ मातीवर ठेवावे. इंजिन चालू असताना किंवा तापलेले असताना टाकीत पेट्रोल कधीही ओतू नये. १०-१५ मिनिटे थांबावे, विडी-काडी दूर ठेवावी. एका तेंदूपत्त्याच्या हंगामाची मजुरी आणि एका माणसाचा जीव या १५ मिनिटांपेक्षा फार मोठा आहे.

ज्या भाऊंची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, त्यांनी त्या वर्षी इंजिन दुरुस्तीसाठी आणि पुन्हा रोवणीसाठी उसनवारी केली. नंतरच्या हंगामात मी गेलो तेव्हा पंप बोडीच्या पाळीवर तीन फळ्या टाकून सपाट बसवलेला होता. खोपडीच्या कुडाला तेल पाहायची चिंधी आणि एक जुना रंगाचा ब्रश अडकवला होता. टाकीत साधे पेट्रोल होते. मी विचारले, "आता तापते का?" ते म्हणाले, "तापते सर, पण आता मला माहीत आहे कशानं तापते."

बंधू-भगिनींनो, तुम्हालाही तेवढेच माहीत असावे, म्हणून हे बोललो. या हंगामात महागड्या पेट्रोलवर खर्च होणारे जास्तीचे पैसे वाचवा आणि त्यांतून वेळेवर तेल, एक चांगला प्लग आणि हवेची जाळी घ्या. यंत्राची माहितीपुस्तिका हरवली असेल तर विक्रेत्याकडून मागून घ्या आणि घरातील शिकणाऱ्या मुला-मुलीकडून वाचून घ्या. आणि माझ्यासारखा कोणी सहज सल्ला देऊ लागला, तर त्याला "का?" असे अवश्य विचारा.